तो त्यांच्यातला नाही

"पण त्यानं अंगठा का दिला नाही, बाबा?"

अचलगिरी गोसावी धुनीतली राख काठीनं सारखी करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"अपिलाचं वकीलपत्र घेऊन मी स्वतः जेलात गेलो. एकदा नाही, पुन्हा पुन्हा गेलो. तो भेटायला बाहेर आलाच नाही. शिपायाकरवी कागद आत पाठवला, तो कोराच परत आला. एवढं केलं मी त्या माणसासाठी..."

श्रीनिवास बोधनकर बोलता बोलता थांबले. टेकडी चढून आल्यामुळे त्यांना अजून धाप लागत होती. वैशाखातली दुपार होती आणि मठाच्या ओसरीवर दोघांशिवाय कोणी नव्हतं. लहानपणी आईचं बोट धरून ते इथं यायचे. आता तालुक्यातले नावाजलेले फौजदारी वकील होते, तरी बाबांसमोर आले की मांडी घालून खालीच बसायचे.

"किती केलंस?" बाबांनी विचारलं.

या प्रश्नाची वकील जणू वाटच बघत होते.

मळ्यातल्या एका वस्तीवर दरोडा पडला होता आणि घरधनी मारला गेला होता. पोलिसांनी दुसऱ्या दिवशी पारध्यांच्या पालावरून रतन काळेला उचललं. रतन त्याच सकाळी पालावर परतला होता; दरोड्याच्या रात्री तो या भागात नव्हताच. दोन तालुके ओलांडून तो एका विहिरीच्या खोदकामावर होता आणि मुकादमानं तसं कोर्टात सांगितलंही. पण मेलेला माणूस मोठ्या घरचा होता. गावाला कोणीतरी हवा होता, आणि रतन सापडला होता.

त्याचं वकीलपत्र घ्यायला कोणी तयार नव्हतं. बोधनकरांनी घेतलं.

"घरावर दगड आले, बाबा. अशिलांनी फायली परत नेल्या. सख्खा भाऊ दिवाळीला आला नाही. बायकोला देवळात कोणी हळदकुंकू लावेना. तरी मी मागे हटलो नाही. खोटा साक्षीदार उभा केला नाही, कोणाचे पाय धरले नाहीत. जे खरं होतं तेच बोललो."

"मग?"

"जन्मठेप झाली." वकिलांचा आवाज खाली गेला. "अपिलात सुटला असता. माझी खात्री होती. पण त्यानं माझं तोंड बघितलं नाही... आणि गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी बातमी आली, अन्न सोडून मेला म्हणून."

ते प्रेत कोणत्याच गावानं आपल्या स्मशानात येऊ दिलं नव्हतं. शेवटी बाबांनी मठामागे, गोसाव्यांच्या समाध्यांच्या ओळीत, रतनला जागा दिली होती. बोधनकर त्या दिवशी पुण्याला होते. एका संस्थेनं त्यांच्या धैर्याबद्दल सत्कार ठेवला होता.

"आज कशाला आलास, श्रीनिवास?"

वकिलांनी रुमालानं मान पुसली.

"रतनची बायको गेल्या आठवड्यात घरी आली होती. सुरकी. तिचा दीर आता आत आहे. झेल्या म्हणून. तसलीच केस आहे, खुनाची. मी घ्यावी म्हणते."

"घेतलीस?"

"मुनशीकडून सांगितलं, तब्येत बरी नाही." ते घाईनं पुढे म्हणाले, "बाबा, रतनची गोष्ट वेगळी होती. घाम गाळून खाणारा माणूस होता तो. हा झेल्या खरोखरच चोर आहे. दारुडा आहे. अशा माणसासाठी मी पुन्हा घरादारावर निखारे ओढवून घेऊ?"

"खून त्यानं केलाय?"

"... नाही. कागद बघितले मी. केलेला दिसत नाही."

"मग?"

उन्हानं ओसरीची फरशी पांढरी पडली होती. वकील तिच्याकडे बघत राहिले.

"मला रात्रभर झोप नाही, बाबा. म्हणून आलो. मी रतनचं काय वाईट केलं होतं? त्यानं असं का वागावं माझ्याशी?"

बाबांनी काठी बाजूला ठेवली.

"कोर्टातलं तुझं शेवटचं भाषण फार गाजलं म्हणतात."

"लोक अजून नाव काढतात."

"म्हणून दाखव."

"इथं?"

"इथंच. उभा राहून म्हण. तिथं म्हटलंस तसं, शब्दाला शब्द."

वकील जरा संकोचले, पण उठले. शर्ट नीट केला. ते भाषण त्यांना तोंडपाठ होतं. एकटे असताना कितीदा तरी ते मनाशी म्हणायचे. पहिली दोन वाक्यं ओढूनताणून आली, आणि मग आवाज लागला. कायदा सगळ्यांना सारखा असतो, हे आलं. मुकादमाची साक्ष आली. विहिरीच्या कामावर रतनच्या हाताला पडलेले घट्टे आले...

मठामागून, समाध्यांकडून, एक बाई पाण्याची घागर घेऊन आली. तिनं ती अंगणातल्या रांजणात रिकामी केली आणि तिथंच खाली बसली. वकिलांनी तिला बघितलं. सुरकी होती. आपलं बोलणं तिनंही ऐकावं असं त्यांना वाटलं. त्यांचा आवाज आणखी चढला.

"साहेब, सरकारी वकील या जमातीबद्दल जे बोलले, ते मी नाकारत नाही. चोरी यांच्या रक्तात आहे, हे या तालुक्यात कोणाला ठाऊक नाही? रात्री यांच्या पालाजवळून जायला मीसुद्धा धजणार नाही. पण रतन काळे त्यांच्यातला नाही. चिखलात एखादं..."

पुढचा शब्द आला नाही.

सुरकी त्यांच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. रोज दिसणाऱ्या वस्तूकडे बघावं, तसं ती बघत होती.

"थांबलास का?" बाबा म्हणाले.

"म्या ऐकलं व्हतं हे," सुरकी म्हणाली. "कोर्टात मागं, दाराशी बसले व्हते. जज्जसायबानं निकालात बी त्येच वाचलं. तुमच्या वकिलालाच मान्य हाय म्हनला, ही जात कशी हाय ते."

धुनीतलं लाकूड तडकलं.

"कोर्टातलं समदं त्येला उमजलं नव्हतं; जेलात भेटाया गेले, तवा धन्यानं इचारलं. वकीलसायेब मला चोर म्हनले का गं? म्या म्हनलं, तुमाला न्हाई म्हनले. बाकीच्यास्नी म्हनले." तिनं पदरानं ओले हात पुसले. "त्यो म्हनला, बाकीचे म्हंजी कोन? माझी मायच की. माझा भाऊ, माझी पोरगी. समद्यास्नी चोर करून मला एकट्याला सोडवतोय व्हय ह्यो मानूस... त्या दिसापास्नं त्येनं तुमचं नाव काढलं न्हाई."

बोधनकर खाली बसले. काहीतरी बोलायला हवं, हे त्यांना कळत होतं. मी तुमच्या बाजूनं होतो, असं म्हणावंसं वाटलं. शब्द ओठांपर्यंत आले, आणि त्यातला 'तुमच्या' त्यांना स्वतःलाच बोचला.

वारा पडला होता. समाध्यांकडून एक होला घुमत राहिला.

सुरकी उठली. जवळ आली, पण पायरी चढली नाही.

"माझा दीर चोर हाय, सायेब," ती म्हणाली. "कोंबड्या चोरल्यात त्येनं. मोटारीतलं तेल काढून इकलंय. पितो बी. तुमच्यापास्नं काय लपवायचं न्हाई. पन ह्यो खून त्येनं केला न्हाई. त्येच्यासाठी उभं ऱ्हाताल का?"

वकिलांच्या डोळ्यांपुढे घरावर आलेले दगड आले. बायकोचा रडवेला चेहरा आला. आणि यावेळी कोर्टात म्हणायला त्यांच्यापाशी एकही गोड वाक्य असणार नव्हतं. हा माणूस चांगला आहे, असं सांगता येणार नव्हतं. फक्त माणूस आहे, एवढंच.

त्यांनी वळून गोसाव्यांकडे बघितलं. "बाबा... काय सांगू?"

अचलगिरींनी काठी पुन्हा हातात घेतली.

"माझ्याकडे काय बघतोस? विचारलं तिनं आहे."