धुनीत टाकायचा अर्ज

“जाळून टाकला की संपलं ना, महाराज?”

कमलिनीबाईंनी डाव्या हातानं पिशवीतून कागद काढला. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

भैरवगिरींनी धुनीतली लाकडं चिमट्यानं सारखी केली. नदीपलीकडच्या त्या मठात लोक धुनीला नारळ वाहायला येत. नगरपालिकेच्या नावचा अर्ज वाहायला आजवर कोणी आलं नव्हतं.

“काय लिहिलंयस, माई?”

“भाड्यानं राहते त्या घराचा जिना. कठडा पार कुजलेला. मालकांना तीनदा तोंडी सांगितलं, ‘बघतो’ म्हणाले. श्रावणात कठड्यासकट खाली आले मी. एक वकीलबाई म्हणाल्या, फोटो काढा, मालकांना लेखी नोटीस द्या, नगरपालिकेला जिना तपासायला लावा, दवाखान्याचा खर्चही मागता येईल. सगळं डाव्या हातानं लिहून काढलं.”

बाई जरा ताठ बसल्या.

“पण मी त्यांना क्षमा केली. एवढं मन मोठं असावं लागतं... नाही का?”

बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. प्रश्न विचारायचा आणि गुणही आपणच देऊन मोकळं व्हायचं, ही सवय काही जात नाही.

महाराजांनी धुनीत एक लाकूड सरकवलं.

मग म्हणाले, “मालक भेटतात?”

“रोज!” बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. “दुपारी डबा घेऊन येतात. पाच मिनिटं टेकतात. हात कसा आहे विचारतात.”

“आणि पडायच्या आधी?”

“आधी कोण येणार, महाराज? जिन्याखाली तीन तास पडून होते. हाक मारायची तर कुणाच्या नावानं, तेच सुचेना.”

बाईंनी अर्जाची घडी उलगडली. अर्ज नगरपालिकेत गेला की डबा बंद होणार, दारावरची टकटक बंद होणार, ही खरी भीती होती. हाताचं दुखणं त्यापुढं काहीच नव्हतं. आणि त्या भीतीला त्या आठवडाभर क्षमा म्हणत होत्या.

त्यांनी कागद धुनीकडं नेला.

महाराजांनी चिमटा आडवा धरला.

“तो कठडा इतके दिवस उभा कसा राहिला, माई?”

“सुतळीनं बांधला होता.”

“तू?”

“नाही हो. माझ्या आधी तिथं एक कंपाउंडर राहायचे. त्यांनी बांधलेली.”

“का?”

“तेही पडले होते म्हणे. पाय मोडला होता बिचाऱ्यांचा.”

“कुठं तक्रार केली त्यांनी?”

“छे! फार सज्जन माणूस. कुणाला दुखवायचं नाही, वाद घालायचा नाही. कठड्याला सुतळी गुंडाळली आणि मुकाट्यानं घर सोडून गेले.”

बोलता बोलता बाई थांबल्या. धुनीची धग बोटांना लागत होती, तरी हात मागं घ्यायचं त्यांना भान नव्हतं.

महाराजांनी त्यांच्या बोटांतून कागद काढून घेतला. त्याची घडी नीट केली आणि प्लास्टरवर अलगद ठेवली.

“त्यांच्या सज्जनपणावरून पडलीस तू, माई.”