वारा म्हणाल तर कोठडी

पाचणगडच्या राजाची पगडी उडून समुद्रात पडली, आणि तीही वारा नसताना!

वारा नव्हता, असं खुद्द दरबारचं गणित सांगत होतं. यशवंतराजांनी सभेच्या फरशीवर सगळं राज्य रंगवून घेतलं होतं. डोंगर, बागा, खाडी, दर्या! त्यावर खडूचे चौकोन, आणि चौकोनागणिक पंखा घेतलेला एकेक सेवक. त्याने शेजारच्या चौकोनाला विचारायचं, "तुझ्याकडे ऊन किती? ओल किती?" आणि त्या हिशेबाने पंखा हलवायचा. ते बघून त्रिंबकशास्त्री उद्याचा वारा सांगत.

युक्ती झकासच होती. पण शास्त्रीबुवांनी मागितले होते पाटाएवढे चौकोन. दिवाण म्हणाले, "एवढ्या पंखेवाल्यांना जेवायला कोण घालणार?" आणि चौकोन करून टाकले खोलीएवढे! किनाऱ्याच्या चौकोनात निम्मा डोंगर, निम्मा दर्या. दोन्हींची सरासरी काढली की ना ऊन, ना गारवा. तिथला पंखेवाला उभ्याउभ्या पेंगत असे.

त्याच्या भरवशावर राजे माघातल्या एका पहाटे होडीतून फेरफटक्याला निघाले. जमिनीकडून झुळूक आली आणि पगडी गेली!

"मतलई वारो, म्हाराज," सुकाणूवरचा बुधाजी तांडेल म्हणाला. "ह्या दिवसांत पहाटे सुटतोच."

झालं! दरबारचं गणित खोटं पाडतो म्हणजे काय? बुधाजीची रवानगी कोठडीत झाली आणि दवंडी पिटली गेली: किनाऱ्यावर वारा नाही. जो वारा म्हणेल, तो आत!

लोकही बेरकी. कोळणी 'ते' आलं म्हणून सुकट झाकू लागल्या. होडीवाले 'त्याचा' अंदाज घेऊन शीड फिरवू लागले. पण बुधाजीची होडी वाळूत पालथी पडली होती, आणि त्याची लेक आवडी रोज कोठडीच्या दारात भाकरी देऊन डोळे पुसत परतत होती. एक दिवस तिने डोळे पुसले आणि तडक दरबार गाठला.

"म्हाराज, माजो बापूस काय चुकलो?"

"जे नाही ते आहे म्हणाला!"

"आणि ता आसा, असा मी दाखवलंय तर?"

राजे हट्टाला पेटले. "ठीक! इथंच, आमच्या चौकोनात दाखव. दारं-खिडक्या बंद. पंख्याला हात लावायचा नाही, फुंकर मारायची नाही. जमलं तर बाप सुटला. नाही जमलं, तर तूही त्याच्याबरोबर!"

दिवाण गालात हसले. बंद खोलीत कुठून येणार ते?

आवडीने पदर खोचला. "माका पेटते निखारे, गार पाण्याच्यो दोन पराती आणि उदबत्ती होयी."

सगळं आलं. तिने चिमट्याने थोडे निखारे उचलले आणि पहिल्या परातीत टाकले. फस्स! काळं, कोमट पाणी उरलं. त्यावर उदबत्ती धरली, तर धूर सरळ वर गेला.

"बगा, म्हाराज. हो दिवाणजींचो चौकोन! जमीनय ह्यात, दर्याय ह्यात. हलतला काय?"

शास्त्रीबुवांना एकदम खोकला आला. खोकता खोकता ते चक्क हसत होते.

मग आवडीने उरलेल्या निखाऱ्यांची शेगडी राजांच्या पायाशी ठेवली. तिला लागून दुसरी परात. "ही तापलेली जमीन, हो गार दर्या." आणि उदबत्ती पाण्यावर धरली.

धूर जरा घुटमळला. मग वाकला, आणि पाण्यावरून सरपटत शेगडीकडे निघाला!

"ह्या दुपारचा," आवडी म्हणाली. "रातीक जमीन गार झाली की ह्याच उलट्या तोंडान धावता."

राजे कुतूहलाने पुढे वाकले. आणखी वाकले. शेगडीपाशी पोचलेला धूर वर उसळला तो थेट त्यांच्या नाकात!

"अरे, वारा!" राजे ओरडले. "वारा सुटला की हो!"

दवंडीवाला छताकडे बघू लागला. शिपायाने एकदा राजांकडे पाहिलं, एकदा हातातल्या किल्लीकडे.

आवडीने हात जोडले. "म्हाराज, बापाशीच्या शेजारची कोठडी रिकामी आसा. झाडून ठेवू काय?"

राजे क्षणभर लाल झाले. मग असे खदखदून हसले की नवी पगडीही घरंगळली! बुधाजी त्याच घटकेला सुटला. आवडीला कोरी करकरीत होडी मिळाली, शिडासकट. किनाऱ्याचे चौकोन पाटाएवढे करायचा हुकूम निघाला.

"पण महाराज," दिवाण कुरकुरले, "एवढे पंखेवाले आणायचे कुठून?"

"पहिला तर समोरच आहे!" राजे डोळे पुसत म्हणाले. "घ्या पंखा, दिवाणजी. जेवण आमच्याकडून!"