इटुकचं दार कोणी चोरलं?

एक होता उंदीर. उंदीर कसला, उंदराचं पिल्लू. अंगठ्याएवढं अंग. दोऱ्याएवढी शेपूट. नाव इटुक.

इटुक राहायचा मथुकाकूच्या घरात. आतल्या खोलीत. तिथे भिंतीत एक भोक. भोकात इटुकची आई. ते भोक म्हणजे इटुकचं दार.

तुमच्या घरात नाही ना असं भोक? नक्की? कपाटामागे बघितलंस? बरं.

एकदा इटुक गेला शेंगदाणा आणायला. तुरुतुरु तुरुतुरु गेला. शेंगदाणा काखेत मारला. तुरुतुरु तुरुतुरु आला.

बघतो तर काय! दारच नाही!

भिंत आहे. कोपरा आहे. दार कुठाय?

"चोरलं! माझं दार चोरलं! कोणी चोरलं?"

सांगू कोणी? हळू बोलतो. काकू ऐकेल.

काकूकडे पाहुणे येणार होते. म्हणून काकूने घर आवरलं. कसं आवरलं? बाहेरच्या खोलीतलं उचललं, आतल्या खोलीत टाकलं! धप्प! धप्प! धप्प! बाहेर चकाचक. आत हाऽऽ ढीग! पाहुणे चहा पिऊन गेले. ढीग राहिला तिथेच.

ढिगाच्या तळाशी एक पेटी. पत्र्याची. भिंतीला चिकटून बसलेली.

आणि खिडकीत कोण? बोका! एक डोळा बंद. एक डोळा उघडा.

"मी झोपलोय हां," बोका म्हणाला.

झोपलेलं कोणी बोलतं का?

इटुक घाबरला. तुरुतुरु तुरुतुरु गेला पेटीकडे.

"पेटीबाई, पेटीबाई, सरक!"

"का सरकू?"

"तू सरकशील तर दार दिसेल.
दार दिसेल तर आई भेटेल."

पेटीने कडी आवळली. खट्ट!

"माझ्या पोटात काय आहे ते बघायला आलास! चोर कुठला! मी नाही जा. माझ्यावर गादी बसलीय. गादी उठेल तर मी सरकेन."

काखेत शेंगदाणा. तुरुतुरु तुरुतुरु. इटुक चढला गादीवर.

"गादीताई, गादीताई, ऊठ!"

"का उठू?"

"तू उठशील तर पेटी सरकेल.
पेटी सरकेल तर दार दिसेल.
दार दिसेल तर आई भेटेल."

गादीने नाक फेंदारलं. फुस्स!

"माझा कापूस पळवायला आलास! दात बघू तुझे! मी नाही जा. माझ्यावर गाठोडं बसलंय. गाठोडं उतरेल तर मी उठेन."

काखेत शेंगदाणा. तुरुतुरु तुरुतुरु. इटुक चढला गाठोड्यावर. जुन्या कपड्यांचं गाठोडं. हे एवढं ढेरपोटं!

"गाठोडंभाऊ, गाठोडंभाऊ, उतर!"

"का उतरू?"

"तू उतरशील तर गादी उठेल.
गादी उठेल तर पेटी सरकेल.
पेटी सरकेल तर दार दिसेल.
दार दिसेल तर आई भेटेल."

"हं! मी उतरलो की तू चढणार! माझी जागा घेणार! मी नाही जा. शेवंता बोहारीण नेईल तर मी उतरेन."

खाली बघितलं. बोका खिडकीत नाही! बोका गादीपाशी!

"मी झोपेत चालतोय हां," बोका म्हणाला.

इटुकने उडी मारली. टुण्ण! तुरुतुरु तुरुतुरु अंगणात.

अंगणात शेवंता बोहारीण. बोहारीण म्हणजे कोण? जुने कपडे घेते, नवं भांडं देते, ती. डोक्यावर टोपली. टोपलीत पातेली.

"जुनेऽऽ कपडे! भांडंऽऽ घ्या!"

"शेवंतामावशी, शेवंतामावशी, ने!"

"काय नेऊ? का नेऊ?"

"तू नेशील तर गाठोडं उतरेल.
गाठोडं उतरेल तर गादी उठेल.
गादी उठेल तर पेटी सरकेल.
पेटी सरकेल तर दार दिसेल.
दार दिसेल तर आई भेटेल."

शेवंता म्हणाली, "अगं बया! न विचारता नेऊ? मग काकू म्हणेल, शेवंता चोर! तुला कुणी शिकवून पाठवलं रे? मी नाही जा. काकू देईल तर मी नेईन."

काखेत शेंगदाणा. तुरुतुरु तुरुतुरु. स्वयंपाकघरात मथुकाकू. पोळ्या लाटत होती.

"काकू, काकू, दे!"

"काय देऊ? का देऊ?"

"तू देशील तर शेवंता नेईल.
शेवंता नेईल तर गाठोडं उतरेल.
गाठोडं उतरेल तर गादी उठेल.
गादी उठेल तर पेटी सरकेल.
पेटी सरकेल तर दार दिसेल.
दार दिसेल तर आई भेटेल."

काकूने लाटणं उगारलं.

"बरा पुढे पुढे करतोयस! मी नाही जा. गाठोड्यात आमच्या ह्यांचे सदरे आहेत. काही काढलं की हे म्हणतात, असू दे, लागेल! काका बघतील तर मी देईन."

मागे बघितलं. बोका उंबऱ्यात!

"मी झोपेत मिशा पुसतोय हां."

पळ इटुक, पळ! तुरुतुरु तुरुतुरु बाहेरच्या खोलीत. तिथे खुर्चीत नानूकाका. हाताने इकडेतिकडे चाचपत बसले होते. कशाला? बघू या.

"काका, काका, बघा!"

"काय बघू? का बघू?"

"तुम्ही बघाल तर काकू देईल.
काकू देईल तर शेवंता नेईल.
शेवंता नेईल तर गाठोडं उतरेल.
गाठोडं उतरेल तर गादी उठेल.
गादी उठेल तर पेटी सरकेल.
पेटी सरकेल तर दार दिसेल.
दार दिसेल तर आई भेटेल."

काका म्हणाले, "तुला हिनेच पाठवलं! मला माहितीये! मागे हिने माझा चांगला सदरा दिला, आणि घेतलं काय? गाळणी! चहाची! आता सगळं बघून देणार. पण माझा चष्मा कुठाय? हिने घर आवरलं तेव्हापासून चष्मा नाही. मी नाही जा. चष्मा येईल तर मी बघेन."

आता चष्मा कुठे शोधायचा? तू घेतला नाहीस ना? खिसे दाखव.

इतक्यात बारीक आवाज आला.

"मी इथेऽऽ! अंधारातऽऽ!"

दारामागे खिळा. खिळ्याला पिशवी. पिशवीत पिशव्या. पिशव्यांत पिशव्या. आणि सगळ्यात आत चष्मा!

काखेत शेंगदाणा. तुरुतुरु तुरुतुरु.

"चष्मेबुवा, चष्मेबुवा, या!"

"का येऊ?"

"तुम्ही याल तर काका बघतील.
काका बघतील तर काकू देईल.
काकू देईल तर शेवंता नेईल.
शेवंता नेईल तर गाठोडं उतरेल.
गाठोडं उतरेल तर गादी उठेल.
गादी उठेल तर पेटी सरकेल.
पेटी सरकेल तर दार दिसेल.
दार दिसेल तर आई भेटेल."

"येतो रे! पण कसा येऊ? पिशवीने मला गिळलंय. पिशवी सोडेल तर मी येईन."

"पिशवीआक्का, पिशवीआक्का, सोड!"

"का सोडू?"

"तू सोडशील तर चष्मा येईल.
चष्मा येईल तर काका बघतील.
काका बघतील तर काकू देईल.
काकू देईल तर शेवंता नेईल.
शेवंता नेईल तर गाठोडं उतरेल.
गाठोडं उतरेल तर गादी उठेल.
गादी उठेल तर पेटी सरकेल.
पेटी सरकेल तर दार दिसेल.
दार दिसेल तर आई भेटेल."

पिशवीने खालपासून वरपर्यंत बघितलं.

"काखेत काय आहे?"

"शेंगदाणा."

"वाटलंच मला! माझ्यात टाकायला आलास!"

"नाही गं."

"खोटं! सगळे टाकायलाच येतात. ही घे साखरेची पिशवी. ही घे मिठाची. ही घे साडीची. असू दे, लागेल! माझं पोट फुटायला आलंय. तू काय टाकणार?"

"मी काही टाकणार नाही. मी काढायला आलोय."

पिशवी हलली. सळसळ!

"काढायला? शप्पथ?"

"आईची शप्पथ."

"बाई गं! काढायला कधी कोणी आलंच नाही," पिशवी म्हणाली. "कुरतड माझी गाठ. लवकर!"

कारण दारात बोका!

"मी झोपेत जिभल्या चाटतोय हां."

इटुकने दात लावले. कुर्र कुर्र कुर्र. कुर्र कुर्र कुर्र. फट्ट!

पिशवीने सोडलं. फर्र फर्र फर्र! पिशव्याच पिशव्या! एक बसली बोक्याच्या डोक्यावर. बोक्याला दिसेना.

चष्मा आला. टुणुक टुणुक टुणुक, थेट काकांच्या नाकावर.

काकांनी बघितलं. आतल्या खोलीत जाऊन गाठोड्यात हात घातला.

"अगं, ह्या सदऱ्याला एकच बाही!"

"अहो, तेच तर सांगत होते!"

"आणि ही चड्डी कोणाची?"

"तुमची! बारशातली!"

"देऊन टाक, देऊन टाक!"

काकूने दिलं. शेवंताने एकेक कपडा उजेडात धरला.

"काकू, ह्याला भोक हाय."

"अगं, ते हवा यायला! आणि तुझं पातेलं गळत नाही ना?" काकूने पातेलं वाजवलं. टण टण! टण टण!

"गळत नाय. पण भोक कुणी पाडलं वो?"

काकूने काकांकडे बघितलं. काकांनी काकूकडे बघितलं. इटुकने वर बघितलं. छताकडे.

शेवंताने नेलं. गाठोडं उतरलं. हुश्श!

गादी उठली. उन्हात जाऊन पडली. आहाहा!

काकूने पेटी ढकलली. पेटी सरकली. खडखड खडखड. पोटात काय होतं? काहीच नाही! रिकामीच होती लबाड!

आणि दिसलं! काय दिसलं? दार!

"आई! आई! मी आलो!"

आतून आवाज आला, "कोण मी?"

"मी इटुक."

"कशावरून? बोका असशील. आवाज बारीक करून आला असशील. शेपूट दाखव."

इटुकने शेपूट आत घातली. दोऱ्याएवढी.

तेवढ्यात बोक्याने डोक्यावरची पिशवी झटकली. आता दोन्ही डोळे उघडे!

"मी जागा आहे हां!"

बोका धावला. धप धप धप धप!

आईने शेपूट धरली. ओढली. सुऽऽर्र! इटुक आत!

बोक्याने दारात पंजा घातला. एक नख, दोन नखं...

आणि मथुकाकू आली. हातात नवं पातेलं.

"हे कुठे ठेवू बाई? असू दे. इथेच ठेवते."

ठण्ण!

"म्याँऽऽऽव!"

पंजा बाहेर. बोका खिडकीबाहेर. पातेलं दारावर.

आत अंधार. इटुकने नाक लावून बघितलं.

"आई! आपलं दार परत चोरलं!"

"चोरू दे," आई म्हणाली. "सकाळी मागच्या बाजूने नवं पाडू. तू आत आहेस ना?"

"हो."

"मग झालं तर. काखेत काय आहे?"

शेंगदाण्याचे झाले दोन तुकडे. अर्धा आईला, अर्धा इटुकला. कुटुम कुटुम.

पातेलं झालं पालथं, गोष्ट गेली बिळात.

ए, तू कुठे चाललास? आधी खेळणी आवर. आतल्या खोलीत नाही टाकायची! मी बघतोय. एक डोळा बंद. एक डोळा उघडा.

मी झोपलोय हां.