पदराच्या गाठीतली चिठ्ठी

एक होती सासू. राजा नव्हता गोष्टीत. राजा कशाला हवा, सासू होती ना! तिचं नाव तबीथाबाई. नदीकाठच्या गावात तिचं घर, घरात मुलगा शीलास, सून रिबका आणि चार महिन्यांची नात छकुली. तबीथाबाईचं मन लोण्यासारखं होतं. जीभ मात्र विळीसारखी. ए, कोण हसलं? थोमा, तू? तुमच्या आईकडे बघून हसू नका, ती ऐकतेय.

तर तबीथाबाईकडे होती एक पत्र्याची डबी. तिच्यात शास्त्रातल्या वचनांच्या चिठ्ठ्या, विडीसारख्या गुंडाळलेल्या. रोज सकाळी चूल पेटायच्या आधी म्हातारी डोळे मिटायची, हात जोडायची आणि एक चिठ्ठी काढायची. देव आज काय सांगतो ते त्या चिठ्ठीत. देव सांगेल तसा दिवस घालवायचा. पण म्हातारीला वाचता कुठे येत होतं! डबी सासूची, डोळे सुनेचे. रिबका हाताचं पीठ झटकायची, चिठ्ठी उलगडायची आणि वाचायची.

अशी दोन वर्षं गेली, बरं का. मग एक दिवस काय झालं, म्हातारीने चिठ्ठी काढली, रिबकाने उलगडली, जरा थांबली आणि म्हणाली, "आत्याबाई, आजचं वचन आहे, ‘आपल्या जिभेला आवर घाल.’"

झालं! म्हातारी उसळली. "कुणाच्या जिभेला?"

"लिहिलंय ते वाचलं."

"लिहिलंय म्हणे! देवाच्या तोंडात आपले शब्द कोंबतेस? खोटारडी!"

रिबकाने चिठ्ठी डबीवर ठेवली. छकुलीला कडेवर घेतलं आणि तडक नदीपलीकडे माहेरी निघून गेली. शीलास दोनदा आणायला गेला. दोन्ही वेळा एकच निरोप: "ज्यांनी खोटारडी म्हटलं त्यांनी यावं." आणि नाताळला छकुलीचा बाप्तिस्मा ठरलेला! पाळकबाबांना सांगून झालेलं, पांढरं झबलं शिवून झालेलं. झबलं खुंटीवर, बाळ नदीपार.

आता खरं-खोटं करायला किती वेळ लागतो? चिठ्ठी दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायची, की झालं. पण म्हातारीच्या मनात भीती होती. ते लिहिलेलं निघालं तर? मग सून खरी आणि आपण खोट्या! म्हणून तिने ती चिठ्ठी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. दाखवायची नाही आणि टाकायचीही नाही. वचन टाकवत नाही ना.

आणि गंमत बघा. दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी जड व्हायला लागली.

आधी नुसती चिंचोक्याएवढी जड. म्हातारीला वाटलं, पदराला ओल आली असेल. ती गेली पाळकबाबांकडे. पाळकबाबा कोंबड्यांना दाणे टाकत होते. "बाबा, एवढं वाचून द्या." बाबांनी चष्मा लावला, हात पुढे केला. म्हातारीने गाठ निम्मी सोडली आणि पुन्हा आवळली.

"राहू द्या. तुमच्या चष्म्यावर धूळ आहे."

"अहो, पुसतो ना!"

"कोंबड्या बघा आधी," म्हणाली आणि पळाली. घरी पोचेस्तोवर पदर वरवंट्यासारखा जड.

मग तिला वाटेत टपालवाला भेटला. तो अख्ख्या गावाची पत्रं वाचून दाखवायचा आणि अख्ख्या गावाला सांगायचा. "दे मावशी, वाचतो." म्हातारीने चिठ्ठी काढली, त्याच्या बोटांना लागलीसुद्धा. तेवढ्यात हिने ओढून घेतली. "तुझ्या पोटात काही राहत नाही मेल्या!" आता पदर झाला जात्याएवढा जड. म्हातारी एका अंगाला कलंडून चालायला लागली. पोरं म्हणायची, "आजी, पदरात काय, नाताळचे लाडू?" ही म्हणायची, "तुमच्या आज्याचं डोकं!" असं म्हटलं की गाठ आणखी शेरभर जड.

असा महिना गेला. मग आला एक रविवार. उपासनेत सगळे प्रार्थनेला गुडघ्यावर बसले. म्हातारीही बसली. पाळकबाबा आमेन म्हणाले, सगळे उठले. म्हातारी उठेना! पदर असा जमिनीला खिळलेला, जणू कुणी खुंटा ठोकलाय. बायका कुजबुजल्या, "बघा, तबीथाबाईची केवढी भक्ती! आमेन झालं तरी उठत नाही." म्हातारी दात खाऊन आतल्या आत म्हणतेय, उठता येत नाही गं बयांनो!

हळूहळू चर्च रिकामं झालं. शीलास तेवढा मागे राहिला. त्याने पदर ओढून बघितला, घाम पुसला.

"आई, गाठ सोड ना."

"सोडू कशी? त्यात तेच लिहिलेलं असलं तर?"

"असलं तर असलं," शीलास म्हणाला, आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. शहाणा मुलगा. आईला कधी एकटं सोडायचं ते त्याला कळत होतं.

म्हातारी तशीच गुडघ्यावर. समोर वेदीवर झेंडूची फुलं, कोमेजलेली. दर शनिवारी ताजी फुलं रिबका लावायची. म्हातारी म्हणाली, "देवा, तूच सांग आता, काय करू?" कौलांवर एक खार इकडून तिकडे गेली, तेवढंच.

मग तिला एकेक सकाळ आठवायला लागली. पिठाचे हात झटकणारी रिबका. तापाने फणफणलेली, तरी चिठ्ठी वाचणारी रिबका. छकुली झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी बाजेवरून हाक मारणारी रिबका, "आत्याबाई, आज वचन राहिलं की आपलं!" म्हातारी विचारात पडली. दोन वर्षं हिच्या तोंडून देव बोलला, तेव्हा मला गोड लागला. एक दिवस कडू लागला, तर लगेच ही खोटारडी?

"नाही वाचून घेत आता कुणाकडून," ती म्हणाली. "माझी जीभ कशी आहे ते मला चिठ्ठीने सांगायला हवं होय?"

आणि उठली की हो! गाठ अजून जडच होती, पण चालण्यापुरती. ती तडक नदीवर गेली. पाणी गुडघाभर, ओढ मोठी. दुसरी कुणी हलकी म्हातारी असती तर वाहूनच गेली असती. पण पदरात वरवंटा होता ना! पाय वाळूत घट्ट रुतवत ती पार झाली.

रिबका अंगणात लसूण सोलत बसली होती. छकुली मांडीवर किरकिरत होती. सासू दारात आली, ओल्या लुगड्याने उभी राहिली. बोलायचं होतं पुष्कळ, पण निघालं एवढंच: "तू खरं वाचलंस गं. माझीच जीभ वाईट. घरी चल."

तेवढं म्हणताच गाठ आपोआप सुटली! चिठ्ठी वर उडाली, शेवरीच्या कापसासारखी तरंगत आली आणि बसली थेट छकुलीच्या नाकावर. छकुली शिंकली.

रिबकाने चिठ्ठी उचलली. उलगडली. तिचे कान लाल झाले.

"आत्याबाई... हिच्यात तसं नाही लिहिलेलं."

"मग?"

"‘नेहमी आनंदात राहा’ असं लिहिलंय." रिबकाला रडूच फुटलं. "त्या दिवशी तुम्ही सकाळपासून तीनदा माझ्या भाकरीला नावं ठेवली होती. मग माझ्या तोंडून निघून गेलं. जिभेचं वचनसुद्धा शास्त्रातलंच आहे हो, पण त्या चिठ्ठीत नव्हतं. आणि तेव्हापासून माझी जीभ अशी जड झालीय, की छकुलीला गाणं म्हणायला गेलं तर उचलत नाही. पोर महिनाभर धड झोपली नाही."

आता काय होणार? म्हातारीची जीभ दातांपर्यंत आली, बरं का. दारापर्यंत आलेला बैलच तो! सुटला असता तर लसूणसुद्धा सालीत परत गेला असता. पण म्हातारीने ओठ मिटले. एक श्वास घेतला. दुसरा घेतला. आणि मग अशी हसली, अशी हसली, की शेजारची कोंबडी अंड्यावरून उठली.

"अगं, चिठ्ठी दुसरी असेल," ती म्हणाली, "पण पत्ता माझाच होता!"

रिबका रडता रडता हसली. मग तिने छकुलीला छातीशी धरलं आणि गायला लागली. जीभ हलकी फूल. दुसऱ्या ओळीला छकुली झोपली. झोपलेल्या पोरीला खांद्यावर टाकून दोघी नदी उतरून घरी आल्या.

नाताळला बाप्तिस्मा झाला. छकुलीने पाळकबाबांचा चष्मा ओढला. रिबकाने सासूला अक्षरं शिकवायला घेतली, चुलीपुढच्या राखेत बोटाने. ईस्टर येईतो म्हातारी एकेक अक्षर जुळवायला लागली. मग एका सकाळी तिने स्वतः चिठ्ठी काढली, स्वतः उलगडली, डोळ्यांजवळ धरली आणि मोठ्याने वाचली: "सुनेने... आज... मासळीचं... कालवण करावं."

"आत्याबाई! शास्त्रात मासळी आहे, कालवण नाही!"

"माझ्या चिठ्ठीत आहे," म्हातारी म्हणाली. आणि दोघींनी मिळून कालवण केलं, शीलासने तीन भाकऱ्या खाल्ल्या, आणि भाकरीला कुणी नावं ठेवली नाहीत.

त्या घरात हसणं उरलं, तुमच्या घरात झोप उरलीय. चला, गोधडी वर, पाय आत. आणि ती जीभही आत घे, थोमा, मला दिसतेय ती.