आजीचा घोडा आणि साहेबांची नाणी

खरं तर हे कुणाला सांगायचं नाही, असं मला बजावलेलं आहे.

माझी शर्वरीआत्या इथे कोल्हापुरात आमच्या आजीवर सिनेमा करते आहे. आजी तरुणपणी सिनेमात नायिकेच्या जागी घोडा दौडवायची, पण पडद्यावर तिचा चेहरा कधीच दिसला नाही. आत्याला पैसा पुरवतात ढवळीकर साहेब, तोही क्रिप्टोत, म्हणजे संगणकावरच्या नाण्यांत. शूटिंग अर्ध्यावर आलं आणि साहेब घरी आले.

"आजींना नायिकाच दाखवा, नाहीतर पुढची नाणी विसरा. एवढंसं बदललं तर कुणाला कळणार आहे?"

आत्याचा चेहरा उतरला. मग तिनं हळूच विचारलं, "साहेब, तुमच्या नाण्यांची नोंद अशी बदलता येते?"

"अशक्य!" साहेब खुलले. "ती हजारो संगणकांवर असते. एकानं खोटं लिहिलं की बाकीचे लगेच पकडतात."

शेजारच्या पमाकाकू चहा घेऊन आल्या होत्या. आत्या म्हणाली, "काकू, आमची आई सिनेमात नायिका होती ना?"

"काहीतरीच काय! नायिका घोड्याला भ्यायची. घोड्यावर तुझी आई असायची. गल्लीत विचार की कुणालाही!"

"बघा साहेब, आमचीही नोंद घरोघरी आहे."

साहेब लाल झाले, मग खो खो हसले. "करा तुमच्या मनासारखं. फक्त मी हरलो हे बाहेर सांगू नका."

मी कुणालाच सांगितलं नाही. पण आज दुकानात गेले, तर वाणीकाकांनी मलाच ही गोष्ट सांगितली. साहेबांची लाज राखावी म्हणून मी म्हटलं, "छे, साहेबच जिंकले," तर दुकानातल्या सगळ्यांनी मला लगेच पकड—

"मुक्ता! अगं, ये लवकर!"

आले, आत्या!