डेझीच्या वाफ्यावरची पाटी

कोळवडी नावाच्या गावात इंग्रजी शिकवणारे एक गुरुजी राहत. त्र्यंबक गुरुजी. कुठलाही इंग्रजी शब्द त्यांच्यापुढे टाका, तो कुठून आला हे ते तिथल्या तिथे सांगत. ठाऊक असलं तर खरं सांगत, नसलं तर ठोकून देत. ‘माहीत नाही’ हे शब्द मात्र त्यांच्या तोंडून कधी निघाले नव्हते.

एका वर्षी गावच्या स्टेशनवर डेझीची पांढरी फुलं लावली. स्टेशनांवरच्या बागांची स्पर्धा होती, ती तपासायला पाहुणे यायचे होते. स्टेशनमास्तरांनी विचारलं, “गुरुजी, डेझी म्हणजे काय हो? वाफ्यावर पाटी लावतो, तुमच्या नावानिशी.”

तुमच्या नावानिशी! गुरुजी खुलले. “डेझी ही एका गोऱ्या साहेबाची लाडकी लेक. तिचंच नाव फुलाला पडलं.” दुसऱ्या दिवशी पाटी रंगून तयार.

फुलांना पाणी घालणाऱ्या ठकूबाईने ती कुणाकडून तरी वाचून घेतली. “गुरुजी, मला विंग्रजी येत न्हाई. पर ह्ये फूल उजाडलं की डोळा उघडतंय, दिस मावळला की मिटतंय. नाव ठेवणाऱ्यानं ते बघितलं नसंल व्हय?”

“तू पाणी घाल,” गुरुजी म्हणाले. पण घरी त्यांना चैन पडेना. शेवटी त्यांनी जाडजूड कोश काढला, धूळ झटकली आणि पान उघडलं. डेझी म्हणजे जुन्या इंग्रजीत ‘दिवसाचा डोळा’. सकाळी उघडतं, संध्याकाळी मिटतं, म्हणून!

गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? गावात कोश एकच, तोही त्यांच्या घरात. खरं सांगावं, तर तीस वर्षांचा मान जायचा. गुरुजींना जेवण गेलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी पाहुण्यांनी पाटी वाचली आणि “वा, गुरुजी!” म्हणाले. गुरुजींचे कान तापले. ते पुढे झाले.

“पाटी खोटी आहे. मला माहीत नव्हतं, मी थाप मारली. खरा अर्थ या ठकूबाईंनी सांगितला, नुसतं फुलाकडे बघून.”

ठकूबाईने लाजून पदर तोंडाला लावला. पाहुणे खळखळून हसले आणि तिच्याकडूनच सगळी बाग समजावून घेतली. पहिलं बक्षीस शेजारच्या स्टेशनला गेलं, पण गुरुजी कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

पुढे एकदा ठकूबाईने विचारलं, “गुरुजी, ह्या प्लॅटफॉर्मला प्लॅटफॉर्म का म्हणत्यात?”

गुरुजींची जीभ सवयीने वळवळली. त्यांनी ती आवरली. “माहीत नाही. उद्या बघून सांगतो.”

दुसऱ्या दिवशी ते लगबगीने आले. “फ्रेंच लोकांकडून आलाय. अर्थ आहे, सपाट आकार.”

“बराबर हाय,” ठकूबाई झारी खाली ठेवत म्हणाली. “सपाट हाय म्हणून तर तुमी-आमी एका उंचीवर हुबं हाय.”

गुरुजी मनापासून हसले. आणि डेझीच्या वाफ्यासाठी नवी पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवली, ठकूबाईच्या नावानिशी.

तात्पर्य: ‘मला माहीत नाही’ म्हणायला जो लाजत नाही, त्यालाच रोज नवं काही कळतं, आणि त्याचा मानही टिकतो.