भिवाजीला लागलेला चकवा

माळाकडेच्या एका गावात भिवाजी नावाचा तेली राहायचा. त्याचा बैल चांद्या डोळ्यांवर झापड बांधून दिवसभर घाण्याभोवती फिरायचा.

एकदा भिवाजीच्या लेकीच्या, गोदाच्या, बाळाचं बारसं माळापलीकडे तिच्या सासरी ठरलं. आजोबांच्या घाण्याचं तेल बाळाच्या टाळूवर घालायचं, मगच नाव ठेवायचं, ही त्यांच्या घराण्याची रीत. भिवाजी भल्या पहाटे चांद्याला जुंपून तेलाची बुधली घेऊन छकड्यात बसला.

माळावर येताच मोकळं रान बघून चांद्या बुजायला लागला. भिवाजीने सवयीने त्याच्या डोळ्यांवर झापड बांधली. बैल शांत झाला आणि मालक छकड्यात निवांत पेंगला.

जाग आली तेव्हा समोर एक वाकडी बाभूळ होती. थोड्या वेळाने पाहतो तर पुन्हा तीच बाभूळ! भिवाजी चक्रावला. कासरा ओढला, बैलाला दटावलं, तरी फिरून तीच! आता मात्र त्याचं डोकंच चालेना. गाव कुठे, वाट कुठली, काही उमजेना. "मेलो! चकवा लागला," म्हणत त्याने बाळासाठी नेलेला नारळ बाभळीपुढे फोडला. तरी बाभूळ काही सुटेना. ऊन कलायला लागलं तसा तो रडकुंडीला आला.

तेवढ्यात मेंढरं घेऊन एक धनगरीण आली. सगळी हकिगत ऐकून ती पदर तोंडाला लावून हसली. "काय वो मामा, चकव्याला नारळ दिला, पन बैलाच्या डोळ्यावरलं फडकं न्हाई सोडलं?"

भिवाजी ओशाळला. डोळे बांधले की गोल फिरायचं, एवढंच तर त्याने चांद्याला शिकवलं होतं! त्याने झापड सोडून कमरेला खोचली, तसा बैल सरळ वाटेला लागला.

लेकीच्या दारी पोचेपर्यंत दिवे लागले होते. पाहुणे निघून गेले होते. बिननावाचं बाळ मांडीवर घेऊन गोदा उंबऱ्यात बसली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"बाबा, कुठं होता हो? सासूबाई दिवसभर टोचून बोलल्या."

"माळावर चकवा..." भिवाजी सांगायला गेला. त्याने कमरेची झापड काढून तिच्यापुढे ठेवली. "चकवा कसला, पोरी? ही माझ्याच हातची गाठ."

गोदाने डोळे पुसले आणि बाळाची टाळू त्याच्यापुढे केली.

तात्पर्य: आपणच बांधलेली पट्टी जो सोडत नाही, तो भुताखेतांना दोष देत जागच्या जागी फिरत राहतो.